सहदेवचा डोंगर

सहदेवने अहवालाचा कागद दोनदा वाचला आणि हातातली पहार खड्ड्यातच टाकून दिली. दगडात बॉक्साइट होतं, भरपूर आणि चांगल्या प्रतीचं. ॲल्युमिनियमचा हा दगड तो मलंगगडाच्या बाजूच्या या उजाड डोंगरावर तीन वर्षं शोधत होता. 'हाती काही लागलं तरच मुलगी मागायला ये,' असं उत्तराच्या वडिलांनी साखरपुडा मोडताना त्याला सुनावलं होतं.

कल्याणहून टपाल घेऊन आलेला काळुराम, त्याचा खोदकामातला जोडीदार, अजून उभाच होता.

"दादा, आणखी एक हाय. मास्तरांच्या उत्तराताईचं उद्या लगीन. दारात मांडव पडलाय."

सहदेव धावतच डोंगर उतरला. नेवाळीत एका दुकानदाराची सायकल मागून घेतली. वाटेत चेन दोनदा निसटली. तिसऱ्यांदा तुटली, तेव्हा सायकल झाडाला टेकवून उरलेले दोन मैल तो पळत गेला.

मांडवात हळदीची गडबड होती. उत्तरा मागच्या पडवीत एकटीच भेटली. धाप लागल्यामुळे त्याला बोलता येईना. त्याने नुसता कागद पुढे केला. तिने तो सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तिचा चेहरा खरोखरच उजळला.

"मिळालं रे तुला! फार बरं वाटलं."

"मास्तरांना दाखवतो. त्यांनी शब्द दिलाय मला."

"हे लग्न बाबांनी नाही लादलं, सहदेव. मीच होकार दिला."

तो गोंधळून दाराकडे बघू लागला.

"काकूंना बोलाव आधी. त्या माझ्या बाजूने बोलतील."

उत्तराने कागदाची घडी घालून ती त्याच्या हातात ठेवली.

"आई भाद्रपदात गेली. लिहिलं होतं मी तुला."

ते पत्र त्याने वाचलं होतं. खड्ड्याच्या काठावर, उभ्याउभ्या.

"तुझं उत्तरही आलं," ती म्हणाली. "दोन पानं दगडाविषयी होती. शेवटी 'धीर धर', एवढंच."

सहदेव पडवीच्या पायरीवर बसला. लाल मातीने भरलेले हात त्याने धोतराला पुसले, पुन्हा पुसले.

"काय झालं होतं काकूंना?"

उत्तरा त्याच्याकडे बघत राहिली. मग शेजारी बसून सांगू लागली. आतून एक हाक आली, दुसरी आली, ती सांगत राहिली. आईच्या शेवटच्या दिवसापर्यंत पोचण्याआधीच तिला उठावं लागलं.