वैजयंतीच्या रक्तातली मारेकरीण

मित्रांनो, मी एक जुनी मारेकरीण आहे. दचकू नका, तुमच्या रक्तातही माझ्यासारख्या पुष्कळ जणी फिरतात. पुस्तकात आम्हाला पांढऱ्या पेशी म्हणतात. माझं घर म्हणजे आसेगावच्या वैजयंतीचं अंग. ती लहान असताना तिला गोवर आला, तेव्हा मी आणि माझी शेजारीण मिळून त्याच्याशी लढलो. ती प्रतिपिंडांचे बाण तयार करायची, मी बाधा झालेल्या पेशी फोडायचे. गोवर हरला. त्याची ओळख शेजारणीने जपून ठेवली, आणि मला तिचा फार अभिमान होता.

पुढे शेजारणीच्याच बहिणींपैकी काही जणी फितूर झाल्या. कातडीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारी एक खळ असते. त्यांनी त्या खळीवरच बाण सोडले. आधी वैजयंतीच्या तोंडात फोड आले. भाकरीचा घास रक्ताने लाल होऊन बाहेर यायचा. मग पाठ, छाती, खांदे. फोड फुटायचे आणि कातडी ओल्या कागदासारखी निघायची. मी रोज त्या फितुरांच्या जवळून जायचे, पण आपल्याच माणसांवर संशय कोण घेणार?

सासू पंचफुलाबाईंना वाटलं, देवीच आली. "माय आली हाय आंगावर," त्या म्हणाल्या. "औषिद द्याचं नाई. कोपते थे." त्यांनी दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, म्हणजे परक्याने उंबरा ओलांडायचा नाही. सुनेला लिंबाच्या पाल्यावर निजवलं. पाला चिकटला आणि काढताना कातडीसकट निघाला.

शाळेतून आलेल्या लेकीने, संस्कृतीने, धावत जाऊन आईला मिठी मारली. वैजयंती किंचाळली. पोरीच्या गणवेशाला आईच्या खांद्याची कातडी चिकटून आली. त्यानंतर संस्कृती आईजवळ गेली नाही. लांब बसून विचारायची, "आई, अजून दुखून राह्यलं काय?"

शेवटी नवरा नरेंद्र वैजयंतीला मुंबईला घेऊन गेला. तिथे एक उपचार होता, अजून चाचणीतच असलेला. यंत्राने आम्हाला रक्तातून उपसून काढलं. प्रयोगशाळेत पांगळा केलेला एक विषाणू माझ्यात घुसवला, आणि त्याने आणलेल्या हुकुमाने माझ्या अंगावर गळासारखा आकडा उगवला. एकीच्या असंख्य झालो. मग आम्हाला पुन्हा वैजयंतीच्या शिरेत सोडलं.

आकडा फितुरांच्या अंगावरच्या खुणेत अडकायचा, मी त्यांना भोकं पाडायचे, त्या फुटून मरायच्या. पण तीच खूण निष्पाप बहिणींच्या अंगावरही होती. मला निवड करताच येत नव्हती. हाडांच्या पोकळीत, गाठींमध्ये, जिथे सापडल्या तिथे मारल्या. माझी शेजारीण समोर आली. मी तिलाही फाडलं, आणि गोवराची ओळख तिच्याबरोबर गेली.

या कत्तलीत वैजयंतीचं अंग तापाने फणफणलं, ती बरळू लागली. डॉक्टरांनी औषध देऊन आम्हाला आवरलं नसतं, तर जिला वाचवायला आलो तिलाच मारून बसलो असतो.

हळूहळू फोड सुकले, नवी कातडी आली. "घरी जा," डॉक्टर म्हणाले, "पण काही महिने गर्दी नको. आजारी मुलं तर मुळीच नकोत."

पंचफुलाबाईंच्या डोक्यात मात्र मायची बोळवण होती. सून बरी झाली, तर गल्लीतल्या लेकुरवाळ्यांना दहीभात घालायलाच हवा, नाहीतर माय परत येते. त्यांनी घरोघर सांगावा धाडला. बायका अंगणात जमू लागल्या. सगळ्यांच्या पुढे शेजारची अंजू पोराला कडेवर घेऊन उंबऱ्याशी आली. पोराचे डोळे लाल, नाक वाहतं, कानामागे पुरळ. मी तो गोवर ओळखला. त्याला अडवणारी मीच मारून टाकली होती. मला रडू आलं, पण पेशीचं रडणं कोणाला ऐकू जातं?

वैजयंती मागे सरकून भिंतीला टेकली. "आत्याबाई, डाक्टर काय म्हणले होते?"

पंचफुलाबाई ताट हातात धरून थांबल्या. मायच्या जेवणाला आलेल्या लेकुरवाळीला अडवणं म्हणजे पाप. त्यांनी पोराकडे पाहिलं, सुनेच्या खांद्यावरच्या गुलाबी कातडीकडे पाहिलं. मग ताट खाली ठेवलं, अंगणातल्या लिंबाचा डहाळा मोडला आणि चौकटीत खोचला.

"अंजू, आत नको येऊ बाई. पोराले आधी दवाखान्यात ने. आन् बायाहो, तुमीबी बाहीरच बसा. पाप लागलं तं मले लागू द्या."

अंजू पोराला घेऊन तशीच दवाखान्यात गेली. बाकीच्या बायका लिंबाखाली जेवल्या.

त्या दुपारी संस्कृती हात धुऊन आईपाशी आली. आई घरी परतल्यापासून ती लांबच होती. तिने आईच्या खांद्यावर एक बोट ठेवलं. मग जरा दाबलं.

"आई, निघत नाई वं!"

आणि तिने सगळा भार टाकून मिठी मारली. वैजयंती रडली, पण दुखलं म्हणून नव्हे. पोरीच्या फ्रॉकला काहीच लागलं नाही.

मित्रांनो, मी आता थकले आहे. मला मारणं जमलं, राखणं तुमच्याकडे आहे. कुणाच्या दाराला डहाळा दिसला, तर रुसू नका. उंबऱ्याबाहेरूनच हाक मारा. माझ्या शेजारणीची जागा अजून रिकामी आहे. ती भरेपर्यंत तेवढं करा.