ओल्या जागेवरचा तामण

मी तामण बोलतोय. दोन घरांच्या मधल्या कुंपणाला चिकटून उभा आहे, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकायची खोडच लागली. भोचक म्हणा हवं तर. पण आज जे सांगायचंय ते माझ्याच तोंडून निघता निघत नाहीये.

अलीकडच्या घरात निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. पलीकडे कपडे शिवणारी ताई. मी वीतभर होतो तेव्हा ताईनंच मला रोपवाटिकेतून आणलं, बसमध्ये मांडीवर धरून. कुठे लावायचं यावर दोघींची तासभर खलबतं झाली.

शेवटी बाई म्हणाल्या, "इथेच लावू. ही माती भर उन्हाळ्यातसुद्धा ओली असते बघ. जागेलाच गुण आहे!"

गुण कसला डोंबलाचा! खालून दोन्ही घरांच्या सांडपाण्याचा एकच पाइप जात होता आणि त्याचा सांधा गळत होता. मला पाणी लागलं, मी मुळं घातली.

पाच-सहा वर्षांत जांभळ्या फुलांनी असा लगडलो की येणारेजाणारे थांबायचे. "बाई, खत काय घालता हो?"

"प्रेम!" बाई मान ताठ करून सांगायच्या.

"आणि पाणी मी!" पलीकडून ताई ओरडायची.

मग एका सकाळी बाईंच्या मोरीत पाणी तुंबलं.

"तुझ्या चिंध्या अडकल्या असणार, दुसरं काय!"

"बाई, मी दोरासुद्धा मोरीत सोडत नाही."

"मग काय मी शिवते कपडे?"

त्या दिवसापासून ताई प्रत्येक चिंधी उशीच्या अभ्र्यात भरू लागली, दाखवता यावी म्हणून. बाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तुंबवलं तिनं प्लंबर आणावा, हा बाईंचा हेका. तुंबवलंच नाही तर का आणू, हा ताईचा. तीन वर्षं दोघी आपापली मोरी काठीनं ढोसत राहिल्या. बोलणं बंद.

गेल्या आठवड्यात ताई घर सोडून मुलीकडे राहायला निघाली. मागे बोल नको म्हणून जाताना तिनंच प्लंबर बोलावला. त्यानं खणलं, पाइप उघडला आणि हसत सुटला.

"ताई, चिंधी औषधालाही नाही! ही सगळी दाढी या झाडाची."

बाई कुंपणाशी आल्या. मुळांचा तो ओला झुबका त्यांनी हातात घेतला.

"अगं..."

"राहू द्या, बाई."

"राहू कसं देऊ? काय काय बोलले मी तुला!"

ताईनं टेम्पोतून एक गच्च उशी काढली आणि कुंपणावर ठेवली. "तुमची मान दुखते ना? घ्या. तीन वर्षं भरतेय."

टेम्पो गेला. बाई उशी पोटाशी धरून माझ्याखालीच बसल्या.

मुळं पुन्हा पाइपात शिरतील म्हणून सोमवारी माझ्यावर कुऱ्हाड येणार आहे. बाई प्लंबरला म्हणत होत्या, "मुक्या झाडाचा काय दोष?" आहे, बाई. तुमचा अबोला टिकला म्हणून पाइप गळत राहिला, आणि त्या तीन उन्हाळ्यांत मी जितका फुललो तितका कधीच फुललो नव्हतो.

तेव्हा खुशाल तोडा. पण त्याआधी माझ्या वाळक्या बोंडांतलं बी काढा आणि ताईच्या नव्या दारी स्वतः घेऊन जा. जागा कोरडी बघा. आणि या खेपेला पाणी दोघींनी हातानं घाला.