उजवं चाक

मागच्या रविवारी जोतिबाच्या घाटात आमची गाडी डावीकडं सरकत गेली आणि कठड्याला घासली. आरसा तुटला, बाकी कुणाला काही झालं नाही. मी देवाचं नाव घेत राहिले. पण मागच्या सीटवर आमचा ऋतुराज बसला होता, त्यानं सगळं पाहिलं. वर पोचल्यावर गुलाल लावायच्या आधीच तो बापाला म्हणाला, "बाबा, आता पुरे झालं. पुढच्या रविवारी आजऱ्यास्नं येतो आणि चावी घेऊन जातो."

हे गुलालाची पुडी उघडत राहिले. लोक यांना सयाजीराव म्हणतात. मी नाव घेत नाही, लिहिताना चालतं म्हणून लिहिलं. यांचं सगळं आयुष्य उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर गेलं. गेल्या वर्षी डावा खांदा धरला होता, तो आता सुटला असं यांचं म्हणणं. आणि गाडीच डावीकडं ओढते, असंही यांचंच म्हणणं. ऋतुराज म्हणतो, गाडी नाही, बाबांचा हात ओढतो.

दर रविवारी जोतिबाला जाणं हा माझा नेम. पण तो काय, एसटीनंही पाळता येतो. खांदा धरला होता तेव्हा यांना गाडी बंद होती, ते दिवस मी पाहिलेत. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे आणि पुढ्यातला चहा निवून जायचा. ते पुन्हा नको, एवढंच मी देवाला सांगत होते.

"अलाइनमेंटच्या दुकानात दाखवूया की," मी म्हटलं.

"दुकानवाला ऋतुराजचा दोस्त हाय. मशीन काय म्हणतंय ते माझ्या आधी त्याला कळंल. आधी मी घरात बघतो. सूत लावून."

शुक्रवारी माझी पूजा आणि पोथीचा अध्याय झाला, मग आम्ही अंगणात गेलो. वातींसाठी आणलेल्या सुताचा गुंडा यांनी मागितला. देवाचं सूत गाडीला, म्हणून मी थोडी घुटमळले, मग दिला. यांनी गाडीच्या दोन्ही अंगांना स्टुलं ठेवली आणि चाकाच्या मध्याच्या उंचीवर सूत ताणून बांधलं. दोन्ही सुतं समांतर आहेत का ते पुन्हा पुन्हा मोजलं. स्टेअरिंग सरळ धरून माझ्या जुन्या साडीच्या काठानं सीटला बांधून टाकलं. आता चाकाच्या पुढच्या कडेपासून सुतापर्यंत पट्टी धरायची, मग मागच्या कडेपासून. दोन्ही मापं सारखी आली तर चाक सरळ.

आमच्या मागच्या घरातली जरीना स्कूटर काढायला आली ती बघतच उभी राहिली. "आक्का, यंदा वटपुनव गाडीला व्हय?"

"नवऱ्यापेक्षा गाडीच जास्त जन्म टिकंल," हे पट्टीवरची नजर न काढता म्हणाले.

गाडीच्या पुढं उभं राहून यांनी मापं मनाशी जुळवली आणि चेहरा एकदम उजळला. "ह्ये बघ. उजव्या चाकाचं तोंड दोन सूत बाहेर हाय. गाडी वढंल न्हाय तर काय करंल?" इंचाच्या आठव्या हिश्शालाही उद्यमनगरात सूतच म्हणतात. मला एवढंच कळलं की दोष चाकाचा निघाला. मी हात जोडले.

खाली वाकून पाना मारणं यांच्या खांद्याला जमणारं नव्हतं. "मी वाकतो," मी म्हटलं. नट कुठला सैल करायचा, दांडी कुणीकडं अर्धा आटा फिरवायची म्हणजे चाकाचं तोंड आत येतं, हे सगळं यांनी हातवारे करून सांगितलं. तेवढ्यात घरात फोन वाजला आणि हे आत गेले. मी पदर खोचून उजव्या चाकामागं हात घातला. नट घट्ट होता, पण फिरला. हे बाहेर येईपर्यंत काम झालं होतं, आणि जरीनाला शिवलेले ब्लाउज पोचवायचे होते आणि सुतानं तिच्या स्कूटरची वाट अडली होती, म्हणून सूतही गुंडाळून झालं होतं.

"परत मोजायला नको?" मी विचारलं.

"अर्ध्या आट्याचं काम ते. चल, चालवूनच बघू."

बाहेरच्या सपाट रस्त्यावर गाडी आधीपेक्षा जास्त डावीकडं जायला लागली. हे पुन्हा पुन्हा सरळ करत होते, ती पुन्हा पुन्हा जात होती. यांनी गाडी वळवून घरी आणली. दारात यांनी चावी माझ्या हातात ठेवली.

"ऋतुराज आला की दे त्याला. चाक नीट केलं तरी वढतीय, म्हंजे मीच हाय."

संध्याकाळी दिवा लावायला बसले. सासूबाईंनी मला लग्नानंतर लगेच शिकवलं होतं, तुपाचं निरांजन देवाच्या उजव्या हाताला ठेवायचं. देवाच्या उजव्या, आपल्या नव्हे. आपण देवासमोर बसतो, तेव्हा ते आपल्या डाव्या बाजूला येतं. मी निरांजन ठेवलं आणि हात तिथंच थांबला.

आरती आवरून मी बाहेर आले. "अहो, तुम्ही उजवं चाक म्हटलासा, ते कुणाचं उजवं?"

"उजवं म्हंजे उजवं. कुणाचं काय त्यात?"

"तुम्ही गाडीकडं तोंड करून उभं हुतासा. तुमचं उजवं म्हंजे गाडीचं डावं. मी गाडीचं उजवं फिरवलो."

हे माझ्याकडं बघत राहिले. मग बोटानं हवेत दोन चाकं काढली, एकाचं तोंड डावीकडं, मग दुसऱ्याचंही डावीकडं. "आयला," ते हळूच म्हणाले, "गाडीला देव केलीस व्हय?" आणि खांदा धरून हसायला लागले.

शनिवारी सकाळी पुन्हा सूत ताणलं. उजवी दांडी होती तशी परत आणली, मग डावी फिरवली. जरीना स्कूटर घेऊन उभीच होती. "मापा, मापा. मी थांबतो. तुमच्या घाईनं कालचं ब्लाउज येळेत गेलं, पर गाडी वाकडी गेली." या वेळी दोन्ही चाकं परत मोजली. सगळीकडं सारखं.

त्याच रस्त्यावर यांनी क्षणभर दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलले. गाडी सरळ गेली. "बघितलीस न्हवं?" मी बघितलं. माझे डोळे भरून आले.

मग यांनी हात पुन्हा टेकवले. थोडं पुढं गेल्यावर डाव्या अंगाची खडी टायरखाली वाजायला लागली.

खोटं बोलायचं नाही हाही माझा नेम आहे, पण त्या वेळी गप्प बसणंही खोट्यासारखंच वाटायला लागलं. "अहो," मी म्हटलं, "परत एकदा सोडा बघू."

यांनी सोडले. सरळ. धरले. डावीकडं. यांनी गाडी कडेला थांबवली आणि स्वतःच्या डाव्या हाताकडं बघत बसले. तो स्टेअरिंगला ओल्या कापडासारखा लोंबत होता, आणि त्याच्या वजनानं स्टेअरिंग खाली येत होतं.

"गाडीचं बी हुतं," हे म्हणाले, "आन माझं बी."

घरी येऊन यांनी स्वतःच ऋतुराजला फोन लावला. "चावी न्ह्यायला येऊ नगंस. चालवायला ये. घाट तू चढव. हितं गल्लीत, बाजारात मी बघतो. हात सुधारंपर्यंत."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन माझ्या हातात आला.

"आई, खरं सांग."

"चाक दोन सूत बाहेर हुतं, ते सरळ केलं," मी म्हटलं. "हात वढतोय, ते त्यांनी स्वतः बघितलं. मी सांगायच्या आधी तेच बोलले."

"बरं. मग उद्या लवकर येतो. नाश्त्यात वेळ घालवू नका, देवाला जाऊन आल्यावर खाऊ."

मी फोन ठेवला. हे ओसरीच्या भिंतीपाशी उभे होते. डॉक्टरांनी शिकवलेला आणि यांनी कधीचाच सोडून दिलेला व्यायाम करत होते. डाव्या हाताची बोटं भिंतीवरून एकेक करत वर चढत होती. खांद्याच्या जरा वर गेल्यावर ती अडली. हे थांबले, श्वास घेतला आणि पुन्हा खालून सुरुवात केली.