शेळी परत आली

ऐक, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. आपली ढापणी नाही का, पटकथा लिहिणारी? तिच्या आत्याने तरुणपणी एका बुटक्या शेळीचं पुस्तक लिहिलेलं. घराघरांत पानं सुटेपर्यंत वाचलेलं. शेवटी शेळी हरवते ती हरवतेच, आणि मुलगा दार उघडं ठेवून बसतो. बस्स. आत्याचा धाकटा भाऊ नदीवर गेला तो परत आलाच नाही, त्यानंतर लिहिलेलं गं. म्हणून सिनेमाला हो म्हणताना तिने बजावलं, "लिहिणार माझी भाची. आणि शेवटाला कुणी हात लावायचा नाही."

ढापणी म्हणाली, "देवाशप्पथ."

सिनेमा कार्टूनचा. त्यात आवाज आधी भरतात, चित्रं मागून हलवतात. गोष्ट सांगणारा आवाजही आत्याचाच. चित्रं अर्धी झाली आणि निर्मात्याने ढापणीला बोलावलं.

"शेळी परत आणा."

"आत्या मेली तरी मानायची नाही."

"मग पिक्चर डब्यात. रडक्या पोरांना घेऊन कोण आई-बाप पुन्हा तिकीट काढेल? तुम्ही आत्याबाईंचा आवाज आणा, बाकी आम्ही बघतो."

ढापणीचा पहिलाच सिनेमा, तोंडाशी आलेला घास! ती आत्याला रेकॉर्डिंगला घेऊन गेली. "आत्या, जाहिरातीपुरती एक ओळ हवीये. पोरांना जरा झुलवायला."

"लबाड आहात मेल्यांनो!" आत्या हसली, चष्मा पुसला आणि माइकसमोर वाचलं, 'एका सकाळी शेळी परत आली.' इतकं गोड, की दुसऱ्यांदा वाचायला कुणी सांगितलंच नाही.

पहिल्या खेळाला आत्या ठेवणीतले कपडे घालून पुढच्या रांगेत. शेवटी तिचाच आवाज घुमला, शेळी दारात, टाळ्याच टाळ्या. ढापणीने हळूच पाहिलं, तर आत्याचे हात मांडीवर तसेच.

"आत्या, अगं, नाहीतर पिक्चरच..."

"केसाने गळा कापलास," आत्या म्हणाली. आवाजसुद्धा चढवला नाही.

तेवढ्यात एक चिमुरडी आत्याला येऊन बिलगली. "आजी, आमची मनी गाडीखाली गेली. तीपण येईल ना परत?"

आत्याने तिला अलगद ढापणीकडे वळवलं. "हिला विचार बाळा. शेवट हिने लिहिलाय."

पोरगी मान वर करून बघतेय, आत्या बघतेय, मागे निर्माता खुशीत फोटो काढतोय. आता बोल. तू असतीस, तर काय सांगितलं असतंस त्या पोरीला?