घाई कुणाला आहे

आमच्या ऑस्ट्रियातल्या टिरोलमधल्या या गावात मूल स्कीवर कधी उभं करायचं हे आईबाप ठरवत नाहीत, मी ठरवते. एकतीस हिवाळे झाले, चर्चमागच्या पोरांच्या उतारावर मीच आहे. आईबापांचं म्हणाल तर उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पोर अजून धड चालत नाही, तोवर हे टोपीला शोभेलसा चष्मा घेऊन हजर!

माझी परीक्षा साधी आहे. जड बूट घालून पोराने उताराखालच्या हौदाभोवती एक फेरी मारायची, कुणी उचलून घ्यायचं नाही. मग मी त्याचा हातमोजा बर्फात टाकते. त्याने स्वतः वाकून उचलला तर ठीक, आईच्या तोंडाकडे बघितलं तर घरी. शू लागली हे सांगता आलं पाहिजे. आणि शेवटी आणणाऱ्या माणसाला एक प्रश्न : घाई कुणाला आहे, पोराला की तुला? 'मला' असं उत्तर आलं की विषय संपला, पुढच्या वर्षी या.

ही अक्कल माझी नव्हे, रोमेडची. माझ्याआधी उतार त्याच्याकडे होता आणि मी त्याच्या हाताखाली शिकले. "पोराकडे बघ, बुर्गल," तो म्हणायचा. "आणणाऱ्याकडे बघितलंस की फसलीस. मोठी माणसं चेहरा फार केविलवाणा करतात." वयाने तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, पण आमच्या डोंगरात सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात.

मागच्या हिवाळ्यात, डिसेंबरात, तो आपल्या नातीला घेऊन आला. झिटा तेव्हा तीन वर्षांची होती. अर्ध्या फेरीतच तिने हौदापाशी बसकण मारली आणि बर्फ खायला लागली. मी हसून म्हटलं, "हिला अजून जेवायचंय." रोमेडही हसला आणि तिला घेऊन गेला.

जानेवारीत परत आला. या वेळी फेरी पुरी झाली, पण हातमोजा पडल्याबरोबर झिटाने आजोबाकडे बघून भोकाड पसरलं.

फाशिंगच्या आदल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. हा हिवाळा सरतानाचा सण; त्या रविवारी गावातली पोरं सोंगं घेऊन स्कीवरून उतरतात, गाव कुंपणापाशी उभं राहून टाळ्या वाजवतं. त्या दिवशी उतारापाशी माझ्या टपरीची पायरी चढताना रोमेड अडखळला. मला वाटलं, सकाळीच एक पेला झालेला दिसतोय.

"एकदाच वर ने तिला," तो म्हणाला. "फार नको, दहा पावलं. मी खाली उभा राहतो."

"हातमोजा उचलते का?"

"नाही उचलत."

"मग? तूच सांग आता."

"पुढचं वर्ष लांब असतं गं, बुर्गल."

"सगळ्यांनाच लांब असतं. घाई कुणाला आहे, हिला की तुला?"

त्याला खोटं बोलता आलं असतं, पण तो बोलला नाही. "मला," म्हणाला.

मी टाळी वाजवून हसले. गुरूची विद्या गुरूलाच! टपरीतल्या दोघा स्की-शिक्षकांनाही हाका मारून सांगितलं, "ऐका रे, रोमेड नापास झाला!" ते हसले, तोही हसला. झिटाचा हात धरून तो गेला, आणि मी तिच्या पायांकडे बघत म्हटलं, हिचं तर अजून चालणंच कच्चं आहे.

सप्टेंबरात गुरं डोंगरावरून खाली आली, त्या दिवशीच्या जत्रेत त्याची मुलगी आफ्रा मला भेटली. रोमेड दिसला नाही म्हणून मी विचारलं.

"त्याला गर्दी जमत नाही आता," ती म्हणाली. "समोरचं दिसत नाही. फक्त कडेकडेचं, तेही धुरकट."

"कधीपासून?"

"डॉक्टरने मागच्या नोव्हेंबरातच सांगितलं होतं. वर्षभरात नजर जाईल म्हणून."

नोव्हेंबरात. म्हणजे पहिल्यांदा आला त्याच्याही आधी.

"मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"त्यानेच बजावलं होतं. म्हणाला, बुर्गलला कळलं तर ती पोरीकडे न बघता माझ्याकडे बघेल. मग तिचा काय उपयोग?"

"घराच्या मागे तरी त्याने तिला स्कीवर उभं करायचं होतं."

"घरच्याने शिकवायचं नाही, हेही त्याचंच ना? चाळीस वर्षं लोकांना सांगत आला. आता कसं मोडणार?"

माझं काही चुकलं नव्हतं. झिटा तयार नव्हती, आजही तेच सांगेन. पण मागून तिला काखेत धरून दहा पावलं आणलं असतं, तर कुणाचं काय बिघडलं असतं? शिकवायचं नव्हतंच, नुसतं दाखवायचं होतं. एवढं मला सुचलं नाही. वर चारचौघांत हसले. ते हसणं आठवलं की अजून कानशिलं तापतात.

या हिवाळ्यात झिटाने डिसेंबरातच हातमोजा उचलला. फाशिंगच्या रविवारी ती मधमाशी झाली होती. रोमेड कुंपणाला धरून उभा होता आणि मी त्याच्या शेजारी. उतारावर दुसऱ्या कुणाला तरी उभं केलं होतं, एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"निघाली," मी म्हटलं. "स्कीची टोकं जुळलीत. वळली. दुसरं वळण जरा मोठं घेतलं. गुडघे वाकलेत. थांबली. रोमेड, एकदाही पडली नाही!"

तो मान हलवत ऐकत होता. मग म्हणाला, "आणि चेहरा?"

"कसला चेहरा?"

"उतरताना तिचा चेहरा कसा होता?"

मी पायच बघत होते. "हसत होती," मी म्हटलं.

तेवढ्यात झिटा आलीच. "नाही काही! मी हसत नव्हते, मी जीभ बाहेर काढली होती. वरपासून खालपर्यंत!" आणि त्याच्यापुढे उभं राहून तिने जीभ काढून दाखवली. "अश्शी!"

रोमेडने मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या. खाली वाकला. "पुन्हा काढ."

तिने काढली.

"पुन्हा."

तिने पुन्हा काढली. तेवढ्यात आफ्राने तिच्या हातात मुरंबा भरलेला गरम तळलेला क्राप्फन दिला, आणि जीभ आत घेऊन ती मुरंबा सांडत खायला लागली. रोमेड अजून वाकलेलाच होता.

"दिसली, दिसली," तो म्हणाला. "बाप रे, केवढी लांब जीभ!"

झिटा चावायची थांबली आणि माझ्याकडे बघू लागली.