लेफ्साच्या दिवशी गप्प राहिलेला अलार्म

मित्रांनो, मी एक जुना धुराचा अलार्म आहे. सध्या बुटांच्या एका खोक्यात पालथा पडलो आहे. माझी दोन भावंडेही इथेच आहेत. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. बोलण्यासारखे काही उरलेले नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढऱ्या प्लास्टिकची एक बशी, आत एक कर्णा आणि एक इवलीशी कोठडी, एवढाच माझा देह. कोठडीतून हवा ये-जा करी. तिच्याबरोबर धूर आला की मला तो कळे. तुम्हाला शेजारच्या खोलीत बसून फोडणी करपल्याचे कळते ना, तसाच. पोटात एक चौकोनी बॅटरी असे, पण ती अडीनडीला. माझे रोजचे खाणे म्हणजे घराची वीज.

मिनेसोटातल्या एका थंड गावात ऑर्विल त्वेत नावाच्या माणसाने मला छताला बसवले. तो शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करी. मी निजायच्या खोल्यांसमोरच्या बोळात, दुसरा जिन्यापाशी, तिसरा तळघरात, घर तापवायच्या भट्टीजवळ. आम्हा तिघांना त्याने एकाच तारेत ओवले होते. एकाने हाक मारली की तिघांनी ओरडायचे, हा आमचा धर्म. शिडीवरून उतरून हात झटकत तो बायकोला म्हणाला होता, "व्हर्ना, आता तू खुशाल घोरत पड. हे तिघे जागे आहेत."

पहिली वर्षे मी खरोखर जागा होतो. एकदा तळघरातले कपडे वाळवायचे यंत्र धुमसू लागले, तेव्हा आम्ही घर डोक्यावर घेतले. पुढच्या रविवारी चर्चमध्ये कॉफी पिताना ऑर्विलने ती हकिकत भेटेल त्याला ऐकवली. आणि दरवर्षी नाताळाच्या आधी लेफ्साचा दिवस येई. लेफ्सा म्हणजे उकडलेल्या बटाट्याची पातळ पोळी. भल्या मोठ्या गोल तव्यावर भाजायची आणि लांब काठीने उलटायची. तव्यावर सांडलेले पीठ जळे, निळसर धूर बोळात येई आणि मी किंचाळे. मग घरातले कोणीतरी माझ्याखाली उभे राहून टॉवेलने वारा घाली. "तो बोंबलला म्हणजे तवा तापला," असे व्हर्ना म्हणे.

इथे उन्हाळी-हिवाळी वेळेसाठी वर्षातून दोनदा, एका रविवारी, घड्याळे तासभर पुढेमागे करतात. त्याच रविवारी अलार्मच्या बॅटऱ्याही बदलायच्या, अशी इथल्या घरांची शिस्त. ऑर्विलने ती एकदाही मोडली नाही. स्टुलावर चढायचे, कडेचे दार उघडायचे, नवी बॅटरी सरकवायची, बटण दाबायचे. मी ओरडत असे. "खणखणीत आहे गडी," म्हणून तो समाधानाने उतरे. माझा हिरवा दिवाही तसाच लुकलुकत राही.

पण मित्रांनो, ते बटण फक्त घशाची खबर घेते. नाकाची घेत नाही.

कोठडीत धूळ साचत गेली. आतले भाग झिजले. आधी वाटले, घरातला धूरच कमी झाला. मग तेही वाटेनासे झाले. दुखले काहीच नाही. बधिर करायची सुई दिलेल्या दातासारखे झाले. तो तोंडात असतो, पण आपला नसतो. मागची काही वर्षे लेफ्साच्या दिवशी मी उशिरा, अर्धवट ओरडलो. कोणाची तक्रार नव्हती.

यंदा पानगळीत ऑर्विलचा मुलगा डेल बायको-बाळासह इथे राहायला आला. बायकोचे नाव मॅरिस, बाळाचे इंगा. पाळणा डेलच्या जुन्या खोलीत, माझ्या समोरच्याच दाराआड लागला. मॅरिस जाता-येता आत डोकावे. झोपलेल्या इंगाच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना, हे बघे. मग वर माझ्या हिरव्या दिव्याकडे एक नजर टाकी आणि कामाला लागे.

तिचा माझ्यावर भरवसा होता. मला त्याचे ओझे वाटायला हवे होते. वाटले नाही.

मग लेफ्साचा दिवस आला. तवा फारच तापला होता. पीठ जळून बोळात असा धूर कोंडला की डेलने बाहेरचे दार उघडून बर्फाळ वारा आत घेतला. मी गप्प होतो.

"अगं बाई, यंदा ओरडला नाही की हा!" व्हर्ना हसली. "शेवटी शिकला एकदाचा रीतभात."

"माझ्या हातची वस्तू आहे," ऑर्विल म्हणाला. "म्हातारपणी शहाणी झाली."

सगळ्यांनी माझे कौतुक केले. मॅरिस मात्र इंगाला कडेवर घेऊन बोळात थांबली.

"तो ओरडला का नाही?"

"मॅरिस, तुला केकवरच्या मेणबत्तीतही आग दिसते," डेल म्हणाला.

ऑर्विलने काठीच्या टोकाने माझे बटण दाबले. मी कानठळ्या बसतील असा ओरडलो. "बघ पोरी. घड्याळं मागे केली त्याच दिवशी नवी बॅटरी घातली. मी कधी चुकवली आहे?"

"बॅटरी नवी आहे, ऑर्विल. पण तो स्वतः कधीचा आहे?"

तिने इंगाला डेलकडे दिले, तव्यावरची काळी पडलेली, धुमसणारी पोळी काठीवर घेतली आणि स्टुलावर चढून थेट माझ्याखाली धरली. धूर माझ्या कोठडीत शिरला. मला तो दिसत होता. मी ओरडायला हवे होते, हेही मला ठाऊक होते. काहीच झाले नाही.

"तव्यावरचा धूर वेगळा असतो गं," व्हर्ना म्हणाली, पण तिचा आवाज बारीक झाला होता.

मॅरिसने मला फिरवून खाली ओढले. बॅटरीचे दार कडेला असल्यामुळे इतक्या वर्षांत माझी पाठ कोणी पाहिलीच नव्हती. तिच्यावर बनवल्याचे साल छापलेले होते आणि खाली लिहिले होते, दहा वर्षांनी बदला. डेलने ते वाचले.

"बाबा, या साली मी सहावीत होतो."

ऑर्विलने मला हातात घेतले. बराच वेळ उलटसुलट केले. "मग मी इतकी वर्षं कोणाला खाऊ घालत होतो?"

त्याची नजर उघड्या दारातून पाळण्याकडे गेली.

"काल रात्रीही ती तिथंच झोपली होती," मॅरिस म्हणाली. तिने टोमणा मारला नव्हता.

"माहीत आहे, पोरी," तो म्हणाला आणि कोट चढवून दुकानाकडे निघाला.

तीन नवे अलार्म घेऊन परत आल्यावर त्याने घराची वीज बंद केली आणि माझ्या दोन्ही भावंडांनाही उतरवले. नव्यांचा प्लग जुन्या तारेला बसेना, तेव्हा डेलला टॉर्च धरायला लावून त्याने ताराच नव्याने जोडल्या. व्हर्नाने त्याला कॉफी दिली, ती तशीच निवून गेली. वीज आल्यावर मॅरिसने जळकी पोळी पुन्हा वर धरली. नवा किंचाळला आणि त्याच्यामागोमाग जिन्यावरचा, तळघरातला. एव्हाना पाळण्यात निजलेली इंगा दचकून उठली आणि टाहो फोडू लागली. व्हर्ना तिच्याकडे धावली.

"रडू दे," ऑर्विल स्टुलावर बसकण मारत म्हणाला. "आज रडू दे तिला."

मित्रांनो, तुमच्या छतावर आमच्यापैकी कोणी असेल, तर बटण दाबून निर्धास्त होऊ नका. त्याला खाली उतरवा, पालथा करा आणि पाठीवरचे साल वाचा. त्याची वर्षे भरली असतील, तर आजच त्याला रजा द्या. त्याला वाईट वाटेल, ही काळजी करू नका. त्याला काहीच वाटत नसते. तेच तर भय आहे.