धुरा नेमका कोणाचा?

फुलसावंगीच्या किसनराव आणि सदाशिवराव या सख्ख्या भावांचा धुऱ्यावरून अकरा वर्षं दावा चालू होता. धुरा म्हणजे दोघांच्या वावरांमधली हातभर रुंदीची गवताळ पट्टी. तिच्यावरून बैलालाही धड चालता येत नव्हतं, पण दोन वकिलांची घरं मात्र व्यवस्थित चालत होती.

किसनरावांनी दिवाणी कोर्टात शपथेवर लिहून दिलं होतं की धुऱ्यावर उगवणारं प्रत्येक झाड आणि गवताची प्रत्येक काडी आपल्याच कब्जातली, आपल्याच मेहनतीची आहे. दिवाणी कोर्टाला ते कधी पटलं नाही. मग एका हिवाळ्यात पोलिसांना त्याच धुऱ्यावर, तुरीच्या आडोशाला, गांजाची झाडं सापडली. कोणी लावली, कोणालाच ठाऊक नव्हतं. खटल्यात सरकारी वकिलांनी किसनरावांचं तेच शपथपत्र खणखणीत वाचून दाखवलं, आणि फौजदारी कोर्टाला मात्र ते शब्दन् शब्द पटलं. पाच वर्षं सक्तमजुरी झाली. निकाल ऐकताना नवऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान झळकलेलं लीलाबाईंनी स्वतः पाहिलं. शेवटी धुरा आपला ठरला, असं त्यांना वाटलं असावं. तेवढ्यात हवालदाराने दंड धरला.

लीलाबाई अपिलासाठी नागपूरला गेल्या. वकील वैष्णवी मॅडमनी कागद चाळले आणि विचारलं, "धुऱ्याची सरकारी मोजणी झाली होती का?"

"होऊ देतील तं ना! मोजणीवाला आला का हे दोघं भाऊ टेपाचं एक एक टोक धरून वढत."

"मग उत्तम. धुरा कोणाचा हे सरकारने सिद्धच केलेलं नाही. तुमच्या भांडणातच आपल्या अपिलाचा जीव आहे. फक्त दिरांनी माघार घेता कामा नये."

लीलाबाई घरी आल्या, तर सदाशिवराव ओट्यावर डोळे पुसत बसलेले.

"वहिनी, धुरा दादाचाच हाय. पुढच्या तारखेले कोर्टात तसं लिहून देतो. सख्ख्या भावाशी कायले वैर?"

गांजा सापडल्यापासून त्यांचं बंधुप्रेम असं उतू चाललं होतं.

"भाऊजी, इतके वर्सं भांडले, आनखी थोडं भांडा ना!"

"नाई वहिनी. आता माह्यं मनच लागत नाई त्याच्यात."

लीलाबाईंनी अमरावतीच्या जेलात जाऊन नवऱ्याला हे सांगितलं. जाळीपलीकडे किसनराव चवताळले. "धुरा माहा हाय हे तो आत्ता काहून म्हणते? त्याले म्हना, भांड बाप्पा! हात जोडतो, पन भांड!"

निरोप पोचवून उपयोग झाला नाही. सदाशिवराव आणखीच रडले आणि भावासाठी घरचं तूप देऊन गेले.

पेरणीच्या दिवशी लीलाबाईंनी ट्रॅक्टरवाल्या पूनमसिंगला सांगितलं, "आनखी दोन वळी तिकडं घ्या."

"बाई, ते सदाशिवरावचं वावर हाय."

"माहीत हाय. घ्या."

दुपारी सदाशिवराव हातात चप्पल घेऊन पळत आले. चिखलात ती रुतत असावी, किंवा दुसऱ्या कामाला आणली असावी.

"वहिनी! धुरा तं धुरा, माह्या वावरात पेरून राह्यल्या? बोटभर सोडनार नाई! धुरा माह्या बापाचा हाय!"

"तुमचे बाप तेच यायचेबी बाप होते ना?"

"ते मले नका सांगू! कोर्टात सांगा!"

शिव्या खाऊन इतकं हलकं लीलाबाईंना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "पानी पेता का, भाऊजी?"

हायकोर्टात न्यायमूर्तींनी विचारलं, धुरा आरोपीचा याला पुरावा काय? सरकारी वकिलांनी शपथपत्र दाखवलं. वैष्णवी मॅडमनी सदाशिवरावांचं त्याच दिवाणी दाव्यातलं, मागे न घेतलेलं शपथपत्र पुढे केलं. दोन्हींतला मजकूर काना-मात्रेसकट सारखा होता, कारण दोन्ही वकिलांचा टायपिस्ट एकच होता.

"मग या दुसऱ्या भावाला आरोपी का केलं नाही?" न्यायमूर्तींनी विचारलं.

मागच्या बाकावर बसलेले सदाशिवराव उठले आणि चहा प्यायला म्हणून गेले, ते थेट फुलसावंगीत पोचले.

शंकेचा फायदा मिळून किसनराव सुटले. गावाने हार घातला. काहींनी तर गुडघेदुखीवर 'काही' मिळेल का, असंही हळूच विचारून घेतलं. किसनरावांनी त्यांना हाकलून लावलं.

दुसऱ्या दिवशी लीलाबाई डबा घेऊन वावरात गेल्या, तर दोघं भाऊ धुऱ्याच्या दोन बाजूंना उकिडवे बसून गवत उपटत होते. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. मधेच किसनरावांचा हात एका हिरव्या रोपाशी थबकला.

"हे काय हाय?" त्यांनी हवेलाच विचारल्यासारखं विचारलं.

"तरोट्याची भाजी हाय, दादा."

"पक्कं?"

"पक्कं."

किसनरावांनी ते रोप उपटलं आणि सदाशिवरावांच्या वावरात फेकलं. सदाशिवरावांनी ते उचलून परत इकडे फेकलं. लीलाबाईंनी डबा उघडला आणि दोघांच्या भाकरी मोजून वेगवेगळ्या ठेवल्या.